विषय: रोबोटिक्स टीममध्ये लेकीला "बिझनेस"ला घेतलंय, कोणाला अनुभव आहे का?

नमस्कार मंडळी,

माझी लेक यंदा नववीत गेली आणि शाळेच्या एफआरसी (फर्स्ट या संस्थेची हायस्कूलच्या मुलांची रोबोट स्पर्धा) रोबोटिक्स टीममध्ये तिची निवड झाली, घरात सगळे खूष होते. पण परवा येऊन सांगते की तिला बिझनेस सबटीममध्ये घेतलंय, म्हणजे स्पॉन्सरना ईमेल, बजेट, टीशर्ट आणि अवॉर्डचे निबंध. नवरा म्हणतो रोबोटला हातच लावायचा नसेल तर तिथे जाऊन उपयोग काय, आणि मलाही राहून राहून वाटतंय की मुलगी म्हणून लिहायचं काम तिच्या गळ्यात मारलं का. वर या महिन्यात तिला स्पॉन्सरची भलीमोठी यादी संपवायची आहे, ती फोन करायला घाबरते, म्हणून मीच मेल लिहून द्यावेत असा विचार करतेय, माझं ऑफिसमधलं कामच ते आहे. ज्यांची मुलं या टीम्समध्ये होती त्यांनी प्लीज सांगा.

– नववीतल्या मुलीची आई, नोव्हाय, मिशिगन

———

रि: रोबोटिक्स टीममध्ये लेकीला "बिझनेस"ला घेतलंय

ताई,

मुलगी म्हणून तिकडे ढकललं असेल तर ते चूकच, आणि असं होतं काही टीम्समध्ये. लेकीलाच कोचला विचारू दे की मशीन शॉपचं सेफ्टी ट्रेनिंग मला कधी मिळणार. आमच्याकडे नववीच्या सगळ्या मुलांना ते आधी देतो, मग कोण कुठे रमतं ते बघतो, आणि बिझनेसची मुलं ड्रिलसुद्धा चालवतात. हे तिने विचारायलाच हवं.

पण बिझनेस म्हणजे उरलंसुरलं काम असं भावजींना वाटत असेल तर ते मला अजिबात पटत नाही, कितीतरी वर्षं याच सबटीमचा मेंटर आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. टीमची एका सीझनची नुसती नोंदणी 6,000 डॉलरच्या आसपास जाते. मिशिगनमध्ये 2009 पासून डिस्ट्रिक्ट पद्धत (आधी छोट्या डिस्ट्रिक्ट स्पर्धा, मग स्टेट) आहे त्यामुळे त्यात दोन इव्हेंट मिळतात, पण पुढे सॅगिनॉला स्टेट चॅम्पियनशिपला पोचलात की वेगळी फी, आणि तिथून ह्यूस्टनला वर्ल्ड चॅम्पियनशिपला गेलात की परत वेगळी फी, शिवाय बस, हॉटेल, तीसेक पोरांचं जेवण. मोटर, कंट्रोलर, बॅटऱ्या, ॲल्युमिनियम हे तर धरलंच नाही मी.

आणि यातली खरी गोम काय आहे तर एप्रिलमध्ये स्टेट संपतं आणि ह्यूस्टन लगेच त्यामागून असतं, मधे जेमतेम दीड-दोन आठवडे. तेवढ्यात पैसे उभे राहत नाहीत. म्हणजे ऑक्टोबरमध्ये, खेळ काय आहे हेसुद्धा माहीत नसताना (तो जानेवारीत किकऑफला कळतो), पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनी ठरवायचं की ह्यूस्टनसाठी पैसे बाजूला ठेवायचे का तेच आत्ता चांगल्या मोटरवर घालायचे. आमच्याकडे यावर बिल्डच्या आणि बिझनेसच्या मुलांची कडाक्याची भांडणं होतात आणि मी ती होऊ देतो. ज्या मुलीने शीट उघडून दाखवलं की मागच्या वर्षी दोन मोटर जळाल्या त्याचे पैसे कुठून आले, तिचं म्हणणं शेवटी सगळ्यांनी मान्य केलं.

स्पॉन्सर म्हणजे नुसते चेकही नाहीत. आमच्या अकरावीतल्या एका मुलीने पावडर कोटिंगच्या छोट्या दुकानात फोन लावला. मालक म्हणाला पैसे देणं जमणार नाही. ती घाबरत घाबरत विचारते, मग आमच्या प्लेट्स तुमच्या काळ्या रंगाच्या बॅचबरोबर भट्टीत घालाल का? तो म्हणाला गुरुवारी घेऊन ये. तिने त्या कामाची बाजारातली किंमत विचारून शीटमध्ये वेगळ्या कॉलममध्ये लिहिली, मॅचनंतर त्याच प्लेट्सचा रोबोटवरचा फोटो आणि सगळ्यांच्या सह्यांचं कार्ड स्वतः नेऊन दिलं. पुढच्या सीझनला त्यानेच फोन केला की या वर्षी कधी आणताय.

अवॉर्डचे निबंध म्हणताय तो बहुतेक इम्पॅक्ट अवॉर्ड, 2022 च्या सीझनपर्यंत त्याला चेअरमन्स म्हणायचे, फर्स्टचा सगळ्यात मानाचा अवॉर्ड. 10,000 कॅरेक्टर्सच्या आत निबंध, आणि जास्तीत जास्त तीन मुलं जजेससमोर उभी राहतात, मोठ्यांनी तोंड उघडायचं नाही. डिस्ट्रिक्टला तो मिळाला तर रोबोट मागे पडला तरी निदान त्या अवॉर्डसाठी टीम स्टेटला जाते. शिवाय टीम सस्टेनेबिलिटी नावाचा वेगळा अवॉर्ड आहे, तो याच कामावर.

म्हणून हात जोडून सांगतो, मेल तुम्ही लिहू नका. जज पिटमध्ये (स्पर्धेत टीम रोबोट दुरुस्त करते ती जागा) येऊन विचारतात की पैसे कसे उभे केले, सिनियर्स गेल्यावर टीम कशी चालणार, तेव्हा ज्याने केलंय त्यालाच बोलता येतं. तुम्ही समोर बसून स्पॉन्सर व्हा आणि तिला फोनची प्रॅक्टिस द्या, मुद्दाम दोनदा नाही म्हणा. आणि आपल्या मंडळातले निम्मे लोक गाड्यांच्या कंपन्यांत नाहीतर त्यांच्या सप्लायर्सकडे आहेत, त्यांनी तिची ओळख करून द्यावी, मॅचिंग गिफ्ट (कर्मचाऱ्याच्या देणगीला जोडून कंपनीनेही देणगी देणं) आहे का ते एचआरला विचारावं. पुढचं बोलणं तिचं.

– कॅंटनहून, बिझनेस मेंटर

———

रि: रि: रोबोटिक्स टीममध्ये लेकीला "बिझनेस"ला घेतलंय

दादांच्या मेलला जोडून पैशाच्या बाजूचं सांगते, मी सीपीए आहे. बूस्टर क्लब (टीमसाठी पैसे जमवणारी पालकांची संस्था) 501(सी)(3), म्हणजे करसवलत असलेली धर्मादाय संस्था असेल तर "जो जितके आणेल तितकी त्याची ट्रिपची फी कमी" असा हिशोब ठेवू नका, फार ठिकाणी चालतं हे. 2013 साली टॅक्स कोर्टात व्हर्जिनियाचा एक जिम्नॅस्टिक्स बूस्टर क्लब याच कारणाने हरला आणि त्याची करसवलत गेली. जमलेला पैसा सगळ्या टीमचा. फी परवडत नसेल त्या मुलाला गरज बघून मदत करता येते, त्याने किती विकलं ते बघून नाही. 250 डॉलर किंवा वर देणगी आली की लेखी पत्र द्यायचं, बदल्यात काही दिलं असेल तर तेही त्यात लिहायचं, नाहीतर देणाऱ्याला वजावट मिळत नाही. ही पत्रं मुलांनाच तयार करू द्या, ट्रेझररने तपासून सही करावी. लेकीला काही विचारायचं असेल तर मला खुशाल फोन करू दे.

– ट्रॉयहून

———

रि: रि: रि: रोबोटिक्स टीममध्ये लेकीला "बिझनेस"ला घेतलंय

दादा, ताई, खूप आभार. तुमचा मेल नवऱ्याने दोनदा वाचला आणि ह्यूस्टनच्या पैशाचं काय ठरलं असं तिला जेवताना विचारत होता. सेफ्टी ट्रेनिंगचं तिने कोचला विचारलं, पुढच्या मंगळवारी आहे. आता ती म्हणतेय की मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात टीमला एक टेबल मिळेल का, जुना रोबोट आणून दाखवतील. मी समितीला विचारू का?

– नोव्हाय

———

रि: रि: रि: रि: रोबोटिक्स टीममध्ये लेकीला "बिझनेस"ला घेतलंय

टेबल देऊ शकतो, पण मेल तिने पाठवू दे. किती जागा हवी, विजेचा पॉइंट लागेल का, रोबोट चालवणार असाल तर लहान मुलांना लांब कसं ठेवणार, आणि देणगीचा डबा ठेवणार असाल तर पैसे कोणाच्या खात्यात जाणार, एवढं लिहा. समितीची मीटिंग रविवारी आहे, शनिवारपर्यंत आलं तर विषय घेते. मराठीत लिहिलं तर उत्तम, इंग्रजीही चालेल.

– सचिव