मदत हवी आहे: तुरुंगातल्या छळाची तक्रार कोर्टात कशी मांडायची?

माझा धाकटा भाऊ ८ महिन्यांपासून मुंबईत कच्चा कैदी आहे. एक शिपाई त्याला मारतो. भावाने लेखी तक्रार दिली, तर झडत्या वाढल्या आणि आईची पत्रं अडकायला लागली. मुलाखतीला गेले तेव्हा हातावर वळ दिसले. जीव तुटतो हो.

तिहार तुरुंगातले कैदी सुनील बत्रा यांनी दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल लिहिलेलं पत्रच सुप्रीम कोर्टाने याचिका मानलं आणि १९७९ साली निकाल दिला. मग आम्हीही हायकोर्टाला पत्र लिहावं, की सत्र न्यायालयात तारखेलाच न्यायाधीशांना सांगावं? वळ मिटायच्या आत वैद्यकीय तपासणीचा आदेश मिळेल का? विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो, पण तक्रारीनंतर त्रास वाढू नये म्हणून कोर्टाकडे नेमकं काय मागायचं? तारीख गुरुवारी आहे.