अॅक्रिलिकच्या चाचणीतील भेग सिद्धांताप्रमाणे का जात नाही? मदत हवी आहे

सर्वांना नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहणारा, यंत्र अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. आमच्या विहिरीवरचा पीव्हीसी पाइप कित्येक उन्हाळे उघड्यावर राहून ठिसूळ झाला होता आणि यंदा पऱ्हाटीला पाणी देताना तो तडकला. नुसत्या पाण्याच्या दाबाने भेग पाइपाच्या लांबीने जायला हवी, कारण परिघावरचा ताण लांबीच्या दिशेतील ताणाच्या दुप्पट असतो. ही भेग मात्र सांध्यापासून तिरपी गेली होती, म्हणजे दाबाच्या जोडीला पीळही पडत असावा. त्यावरूनच मी प्रकल्पाचा विषय निवडला.

अॅक्रिलिकच्या अर्धवर्तुळाकार चकत्यांमध्ये तिरपी खाच पाडून, दोन आधारांवर ठेवून, वरून भार देत मी त्या तोडल्या. खाच सरळ असली की भेग केवळ उघडते, तिरपी केली की उघडणे आणि सरकणे (भेगेच्या दोन बाजू एकमेकींवरून घसरणे) एकत्र येते, आणि एका विशिष्ट कोनात केवळ सरकणे उरते. एर्दोगान आणि सिह या संशोधकांच्या १९६३ च्या निकषानुसार भेग सर्वाधिक स्पर्शीय ताणाच्या (टोकाभोवती भेग उघडू पाहणाऱ्या ताणाच्या) दिशेने वाढते. त्यामुळे केवळ सरकण्याच्या स्थितीत ती सुमारे ७०.५ अंशांनी वळावी आणि तेथील भंगरोध (भेग वाढण्याला पदार्थाचा विरोध) उघडण्याच्या स्थितीतील भंगरोधाच्या सुमारे ०.८७ पट यावा. माझ्याकडे हे गुणोत्तर निम्म्याच्या आसपास येते आणि भेग अपेक्षेपेक्षा जास्त वळते.

आधी मी खाचेलाच दोष दिला. पण करवतीची खाच बोथट राहिली असती, तर भंगरोध वाढलेला दिसला असता. शिवाय प्रत्येक खाचेच्या टोकाला दाढीच्या पात्याने मी अणकुचीदार चीर दिली होती. आता वाटते की भेगेला समांतर असणारा टी-ताण हेच कारण असावे. या चकतीत तो धन, म्हणजे ओढणारा, असतो, त्यामुळे वळण वाढते आणि भंगरोध घटतो. तसे असेल, तर मध्ये भेग असलेल्या पूर्ण चकतीला व्यासाच्या दिशेने दाबल्यास टी-ताण ऋण असल्याने गुणोत्तर ०.८७ च्या वर जायला हवे.

जाणकारांना माझी विनंती आहे की, हा तर्क बरोबर आहे का ते सांगावे. टी-ताण हिशेबात घेताना भेगेच्या टोकापासूनचे क्रांतिक अंतर (ज्या अंतरावरचा ताण तपासायचा ते) लागते; ते केवळ उघडण्याच्या चाचणीतील भंगरोध आणि अॅक्रिलिकची ताणशक्ती यांवरून काढावे, की तिरप्या खाचांच्या निकालांशी जुळवून घ्यावे? माझ्याकडे आता सहाच चकत्या शिल्लक आहेत, म्हणून पुढची चाचणी करण्यापूर्वी विचारतो आहे.