पवनचक्क्यांचा रस्ता कुणीच हिशेबात धरला नाही

'पवनचक्क्या आल्या तरी गावाला मिळते ती वॉचमनची नोकरी' असं वर कुणीतरी लिहिलंय. नोकऱ्यांचं पटलं. क्रेनवाले, वेल्डर सगळे बाहेरूनच येतात. पण रस्ता हिशेबात धरलाच नाही कुणी. माझ्या मावशीचं रान कर्नाटकात सौंदत्तीकडे, माळावर. पूर्वी ज्वारीची कणसं डोक्यावरून खाली आणायची. पाती घेऊन येणारे लांबलचक ट्रेलर वळावेत म्हणून कंपनीनं रुंद मुरुमाचा रस्ता केला, आता ट्रॅक्टर थेट बांधाला लागतो. टॉवरभोवती पेरणीही चालूच आहे. (मावशीची तक्रार एकच, रात्रभर ते लाल दिवे लुकलुकतात.) काकांनी मात्र टॉवरखालची जागा एकरकमी विकून टाकली. भाड्यानं दिली असती तर दरवर्षी चार पैसे आले असते.

विजेचं म्हणाल तर आपल्याकडे वारा जोरात असतो जून ते सप्टेंबर, म्हणजे नेमकं ढगांमुळे सोलर मंदावतं तेव्हा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ऊर्जा आठपट होते, त्यामुळे वर्षाची बरीचशी कमाई याच चार महिन्यांत. तेवढ्या काळात कर्नाटकातल्या शरावती नदीवर आहेत तसल्या धरणांचं पाणी विजेसाठी कमी सोडलं तरी भागतं, ते मार्च-एप्रिलला कामी येतं.