गिरण्यांच्या जमिनीवरचे टॉवर शहराला नेमकं काय कमावून देतात?

करीरोडकर

माझं लहानपण करी रोडला चाळीत गेलं. वडील गिरणीत साचा खात्यात, म्हणजे मागांवर होते. आमच्या गॅलरीतून पूर्वी गिरण्यांच्या धुराच्या तीन चिमण्या दिसायच्या, आता काचेचे टॉवर दिसतात. परवा भाचा म्हणाला, "मामा, हे टॉवर आहेत म्हणून मुंबईत पैसा आहे." त्याला द्यायला मला तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही. नंतर विचार करत राहिलो, म्हणून हा धागा.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख गिरणी कामगार होते. त्यांचा पगार कुठे जायचा? थोडा गावी मनिऑर्डरने, उरलेला गिरणगावातच. खानावळवाल्या बायका, वाणी, शिंपी, पानवाला, भिशी. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच खानावळवाल्यांसाठी, कारण कामगारांना जेवू घालणं हा या भागातला मोठा धंदा होता. गिरणीतला एक पगार अशी चार घरं चालवत असे.

गिरण्या गेल्या. ते कदाचित टळणारं नव्हतं. पण सुमारे ६०० एकर जमीन उरली होती. १९९१ च्या नियमात तिचे तीन वाटे होते: एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या तुकड्यांपुरती राहिली. गिरणीच्या इमारती पाडून जी जागा निघाली ती वाटणीतून सुटली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये हे रोखलं, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा मोकळं केलं. मला विचाराल तर मुंबईच्या अर्थकारणाचं सगळ्यात मोठं नुकसान त्या एका दुरुस्तीने केलं.

गेल्या दिवाळीत गच्चीवर उभा राहून समोरच्या टॉवरमधले उजेड मोजायला लागलो. सणाच्या रात्री निम्म्याहून जास्त मजले काळोखात होते. वीस-तीस कोटींचं घर घेऊन कुलूप लावणारा माणूस खालच्या वाण्याकडे काय घेणार? त्याचा पैसा भिंतीत अडकला. माझं म्हणणं एवढंच की टॉवरने जमिनीचा भाव वाढतो, शहराची कमाई वाढतेच असं नाही.

वीटमाती

काका, तुमच्या आठवणींबद्दल आदर आहे, पण निष्कर्ष पटत नाही. मी पंधरा वर्षं साइटवर इंजिनिअर होतो, आता बँकांसाठी मालमत्तांचं मूल्यांकन करतो.

पहिलं, कापड मुंबईबाहेर जाणारच होतं. यंत्रं जुनी, जागा महाग, आणि भिवंडीचा यंत्रमाग तोच माल स्वस्तात काढत होता. संपाने फक्त वेग वाढवला. आता प्रश्न रिकाम्या जमिनीचं काय करायचं एवढाच होता.

दुसरं, टॉवर म्हणजे फक्त घेणारा श्रीमंत नाही. एका साइटवर चार-पाच वर्षं सेंट्रिंगवाले, फिटर, प्लंबर, लादीवाले, लिफ्टवाले, इंटिरिअरचे सुतार राबतात. मराठवाड्यातली, बिहारमधली, बंगालमधली घरं त्यावर चालतात. १०० कोटींचा एक फ्लॅट विकला गेला की ६ टक्क्यांनी ६ कोटी मुद्रांक शुल्क लागतं. हा पैसा कुठून येतो याचा विचार करा.

आणि तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. टॉवर बांधायचे थांबवले म्हणून पैसेवाला मुंबई सोडत नाही. तो दादर-माहीमच्या जुन्या इमारतीतला फ्लॅट जास्त भावाने उचलतो, आणि तिथे घर शोधणारा बँक कर्मचारी डोंबिवलीला जातो. वरच्यांसाठी वर जागा केली तर खालच्यांवरचा दाब कमी होतो.

ताळेबंद

वीटमाती, तिसरा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. दुसऱ्यावर मात्र मी हिशेब मांडते, तो माझा रोजचा धंदा आहे.

त्या ६ कोटींतला मोठा भाग राज्याच्या तिजोरीत जातो, मुंबईच्या नाही. नोंदणी शुल्क तर कितीही महाग घर असो, ३० हजारांवर थांबतं. शिवाय हे सगळं व्यवहाराच्या दिवशी एकदाच येतं. गिरणीत दर महिन्याला पगार व्हायचा. एकदाची जमा आणि दर महिन्याची जमा एकाच रकान्यात लिहिली तर माझ्या हाताखालच्या मुलांनाही मी परत पाठवते.

यापेक्षा गंभीर गोष्ट वेगळी आहे. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि पालिकेची जकात गेली. त्याची भरपाई राज्याकडून मिळते, म्हणजे हाताशी असलेलं मोठं स्वतःचं उत्पन्न गेलं. उरलं काय? मालमत्ता कर, आणि बांधकाम परवानग्यांचे प्रीमियम, वाढीव चटईक्षेत्राचे (ठरल्यापेक्षा जास्त बांधू देण्याचे) पैसे. जी पालिका वाढीव चटईक्षेत्र विकून खर्च भागवते, ती एखाद्या टॉवरला "इथला रस्ता पुरणार नाही" असं कोणत्या तोंडाने सांगणार? रस्ता, गटार, पाणी यांचा खर्च नंतर येतो आणि तो कायमचा असतो.

रिकाम्या घरांबद्दल काकांचा अंदाज खरा आहे. २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४.८ लाख घरं रिकामी होती, देशातल्या कुठल्याही शहरापेक्षा जास्त. ती सगळी आलिशान नव्हती हे मान्य. पण घरांसाठी तळमळणाऱ्या शहरात इतकी कुलपं असतील तर "अजून बांधा म्हणजे दाब कमी होईल" हे आपोआप घडत नाही.

जांबोरी

तुम्ही सगळे टॉवरकडे खालून बघता. मी आता वरून बघतोय, म्हणून लिहितो.

आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीतले. १९२० च्या दशकातली इमारत, १६० चौरस फुटांची खोली, माणसं सात. संडास सामायिक. आजी पावसाळ्यात रात्री बादली घेऊन रांगेत उभी राहायची आणि आई तिच्या सोबतीला. लग्नाची बोलणी करायला आलेले पाहुणे खोली बघून उठून गेले, हे आमच्या मजल्यावर तीन घरांत झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या, त्यात आमचं घर. ५०० चौरस फूट. आईने पहिल्या दिवशी स्वयंपाकघराचं दार लावलं आणि आतच बसून राहिली.

हे घर आम्हाला फुकट मिळालं. त्याचा खर्च कुठून निघतो? त्याच जागेवर जे महागडे टॉवर विकले जाणार आहेत त्यातून. ते नकोत म्हणणाऱ्याने आमच्या घराचे पैसे कोण देणार तेही सांगावं.

करीरोडकर

जांबोरी, तुमच्या आईंचं वाचून डोळे भरले. तुमच्या घराविरुद्ध माझं काहीही नाही, आणि विक्रीच्या टॉवरातून घरं उभी राहतात हा मुद्दा मी मूळ धाग्यात सोडला होता. ती माझी चूक.

पण बीडीडीत जमीन सरकारची होती आणि काम म्हाडाच्या हातात. राहणाऱ्याचा वाटा आधी ठरला, विक्री नंतर. गिरण्यांत उलटं झालं. आमच्याकडचं उदाहरण घ्या. श्रीनिवास मिलच्या जागेवर लोअर परळला वर्ल्ड वन हा टॉवर उभा आहे. मार्च २०२० च्या सोडतीत त्याच गिरणीच्या वाट्याची कामगारांची घरं निघाली ५४४, प्रत्येकी २२५ चौरस फूट, साडेनऊ लाखांना. २०१२ च्या पहिल्या सोडतीत ६,९२५ घरं होती आणि अर्ज जवळपास दीड लाख. आता उरलेल्यांना मुंबईबाहेर, कर्जतच्या वाटेवरची शेलू आणि वांगणी दाखवतात. माझ्या वडिलांचा मित्र ८१ वर्षांचा आहे, त्याने वांगणीला जाऊन काय करायचं?

दिवा_दादर

मी टॉवरमध्येच काम करतो, सिक्युरिटी सुपरवायझर. म्हणून रोजगाराबद्दल दोन शब्द.

काम मिळतं, खोटं बोलणार नाही. आमच्या एका इमारतीत गार्ड, हाउसकीपिंग, लिफ्टमन, ड्रायव्हर, घरकामाच्या बायका मिळून शे-सव्वाशे माणसं आहेत. पण गार्ड आणि हाउसकीपिंग सगळं कंत्राटावर. बारा तासांची ड्युटी, एजन्सी बदलली की जुनी नोकरी मोजली जात नाही. गिरणीत बदली कामगारालाही (गैरहजर माणसाच्या जागी लागणाऱ्या) कायम होण्याची आशा होती असं वडील सांगतात. आमच्यातला एकही माणूस कामाच्या ठिकाणापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर राहू शकत नाही. मी दिव्याहून येतो, बायका नालासोपाऱ्याहून. म्हणजे पगार लोअर परळला होतो आणि खर्च होतो दिव्याला.

आणि येण्याजाण्याचं बोलायचं तर २९ सप्टेंबर २०१७. एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. तो पूल गिरण्यांच्या काळातला, गर्दी नव्या ऑफिसांची. मी त्या दिवशी एक लोकल उशिराने आलो.

वीटमाती

दिवा_दादर, तुमचा मुद्दा मनाला लागला. कंत्राटाबद्दल वाद नाही. पण ते कामगार कायद्याचं दुखणं आहे, इमारतीच्या उंचीचं नाही. चार मजली सोसायटीतला गार्डही कंत्राटावरच असतो.

रिकाम्या घरांबाबत मात्र मी जे रोज पाहतो ते सांगतो. मालक घर भाड्याने देत नाही कारण किमतीच्या दोन-तीन टक्के भाडं येतं आणि भाडेकरू उठणार नाही ही भीती असते. ही भीती पागडीच्या काळापासूनची, १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने रुजवलेली. १९९९ चा नवा कायदा आला, लिव्ह अँड लायसन्सने (ठरावीक मुदतीच्या कराराने) मार्ग काढला, भीती तशीच. आणि राज्यातल्या मोठ्या शहरांत ४,००० चौरस मीटरच्या वरच्या भूखंडांवर २० टक्के छोटी घरं देण्याचा नियम आहेच. तो नीट राबवा. टॉवरला शिव्या देऊन एकही घर वाढणार नाही.

पश्चिमकिनारा

दादरचा, गेली अठरा वर्षं व्हँकुव्हरला. आमच्याकडे हाच वाद झाला होता, म्हणून अनुभव लिहितो. २०१७ पासून शहरात रिकाम्या घरांवर कर आहे. सुरुवातीला किमतीच्या १ टक्का, २०२१ पासून ३. प्रत्येक मालकाला दरवर्षी घर वापरात आहे की नाही हे कळवावं लागतं, न कळवल्यास रिकामं धरतात. रिकामी घरं कमी झाली. भाडी मात्र स्वस्त झाली नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगतो, मी स्वतः अजून भाड्यानेच राहतो. पण जमलेला पैसा परवडणाऱ्या घरांसाठी बाजूला काढला जातो.

ताळेबंद

हे मुंबईत अवघड नाही. शहर भागात वीज बेस्टची आहे. बारा महिने किमान बिल येणारं घर कोणतं हे मीटरच सांगेल, दारावर जाऊन विचारायची गरज नाही. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे, तेव्हा लहान माणसाला धक्का लागत नाही. मोठ्या आणि बंद घरांवरच आकारा.

वीटमाती

मुलं परदेशी, म्हातारे आईवडील सहा महिने तिकडे, अशी माझ्याच इमारतीत चार घरं आहेत. त्यांना सूट लागेल. गावी गेलेल्यांना लागेल. वारसाचा दावा कोर्टात पडलेल्यांनाही.

एवढं लिहून घ्या आणि एक अट माझी: पैसा पालिकेच्या सर्वसाधारण जमेत जायला नको, नाहीतर तोही रस्त्याच्या डांबरात जाईल. वेगळं खातं, त्यातून फक्त घरं, आणि तीही जिथून माणूस कामावर चालत जाईल अशा ठिकाणी. तसा मसुदा कोणी केला तर टॉवरच्या बाजूने बोलणारा मी त्यावर सही करेन. ताळेबंद, मीटरचा भाग तुम्ही लिहा, सूट कोणाला द्यायची ती यादी मी करतो.