अकिकाच्या लांब मण्यांना वेज पाडायचे कशाने?

नदीकाठ

सिंधू संस्कृतीतले लाल अकिकाचे लांब मणी फोटोत सगळ्यांनी पाहिलेले असतात. मध्ये किंचित फुगीर, दोन्ही टोकांना निमुळते, काही तर १० सेंमीपेक्षाही लांब. आणि आरपार गेलेलं वेज जेमतेम दोन-तीन मिमीचं.

अकिकाचा कठीणपणा मोह्‌ज पट्टीवर ६.५ ते ७. तांबं ३ च्या आसपास, कांसं त्याहून थोडं वर, आणि लोखंड त्या काळी नव्हतंच. मग हे भोक पाडलं कशाने? "तांब्याची नळी आणि वाळू" हे ठरावीक उत्तर वाचलंय, पण एवढ्या बारीक आणि एवढ्या खोल भोकाला ते पटत नाही. दोन्ही बाजूंनी पाडत असतील तर मध्ये जुळवत कसे होते? आणि पांढऱ्या नक्षीचे जे मणी असतात त्यांवरचा रंग चार हजार वर्षांत उडाला कसा नाही?

कपची

दगडाला दगडानेच भोक पाडलंय. पण कुठल्याही दगडाने नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

पुरातत्त्वज्ञ अर्नेस्ट मॅके यांनी १९३५-३६ मध्ये सिंधमधल्या चन्हूदडोला उत्खनन केलं, तेव्हा मण्यांचा अख्खा कारखानाच हाती लागला: कच्चे गोटे, छिलके, अर्धवट घडवलेले मणी, भोक पाडताना मोडलेले मणी, आणि आगकाडीसारखे बारीक दगडी सामते. (सुताराचा सामता डोळ्यासमोर आणा, त्याचंच दगडी टोक.) त्यातले काही साध्या चर्टचे, म्हणजे चकमकीसारख्या दगडाचे, आहेत आणि काही हिरवट-करड्या, काळे डाग असलेल्या एका वेगळ्याच दगडाचे. पुढे जोनाथन मार्क केनॉयर आणि मासिमो विदाले या पुरातत्त्वज्ञांनी या दगडाला मॅके यांच्या नावावरून 'अर्नेस्टाइट' म्हटलं. त्यात क्वार्ट्‌झबरोबर सिलिमनाइट, म्युलाइट, हेमेटाइट अशा खनिजांचे अतिसूक्ष्म कण घट्ट बसलेले असतात. अकीक कापायला हे कण पुरेसे कठीण, आणि एकमेकांत अडकलेले असल्यामुळे टोक पटकन झिजत नाही. धोळावीराला असे सामते हजाराच्या वर मिळाले आहेत.

आता आकाराकडे लक्ष द्या. चर्टचा सामता टोकाकडे निमुळता होत जातो. तो जसजसा आत जाईल तसा बाजूंनी अडकतो, भोक तोंडाशी रुंद आणि आत अरुंद होतं, आणि काही मिलिमीटरनंतर त्याहून बारीक सामता घ्यावा लागतो. म्हणून चर्टने पाडलेलं भोक पायऱ्यापायऱ्यांचं असतं. अर्नेस्टाइटचा सामता याच्या उलट: टोक किंचित रुंद आणि त्यामागे कंबर बारीक. त्यामुळे घासतं फक्त टोक. कंबरेभोवती जी फट राहते तिच्यातून पाणी आत जातं आणि दगडाचा लगदा बाहेर येतो. हा लगदा बाहेर आला नाही तर सामता त्यातच रुतून मोडतो. मोडलेला तुकडा आत राहिला तर तो काढायची काही सोय नाही, मणी गेलाच.

कामाचा क्रम साधारण असा. गोटा आधी महिनोन्‌महिने उन्हात वाळवायचा, मग मडक्यात घालून गोवऱ्यांच्या मंद आचेवर भाजायचा. दोन कारणं. एक म्हणजे दगडातलं पिवळसर-तपकिरी लोह सुमारे ३०० अंशांच्या पुढे लाल होतं. जमिनीतून निघालेला गोटा बहुतेक वेळा मातकटच असतो. दुसरं, भाजलेल्या अकिकाचे छिलके सरळ आणि हवे तिथून निघतात. घाई केली, आच एकदम वाढवली, तर आत अडकलेल्या ओलाव्याची वाफ होऊन गोटा तडकतो. बाहेरून तडा दिसला तर नशीब. आतला तडा भोक पाडताना, म्हणजे निम्मी मेहनत झाल्यावर कळतो. म्हणून भाजणं एकदाच नाही, घडवण्याच्या टप्प्यांमध्ये पुन्हा पुन्हा.

मग छिलके काढून लांबट ठोकळा करायचा. गुजरातमधल्या खंभातचे कारागीर आजही जमिनीत तिरपा रोवलेला लोखंडी अणकुचीदार गज वापरतात. गोटा त्याच्या टोकावर धरायचा आणि वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने हलकी टिचकी मारायची. छिलका हातोडीखालून नाही, खालच्या टोकापासून उडतो. त्यानंतर वाळूच्या दगडावर, सहाणेवर चंदन उगाळावं तसं, घासून आकार द्यायचा. शेवटची झिलई मात्र भोक पाडल्यानंतर, कारण भोक पाडतानाच सर्वांत जास्त मणी फुटतात. फुटणाऱ्या मण्यावर झिलईचे दिवस कोण वाया घालवणार?

भोकाची सुरुवात करताना टोकावर आधी बारीक खळगा ठोकून घ्यायचा, नाहीतर सामता गुळगुळीत दगडावरून घसरतो. मणी लाकडी चापात घट्ट आवळायचा, वरून थेंब थेंब पाणी सोडायचं आणि धनुकलीने सामता फिरवायचा. दोन्ही टोकांकडून निम्मं-निम्मं.

मध्ये जुळवायची युक्ती म्हणजे मणी चापात सरळ बसवणं, बाकी काही नाही. पूर्ण जुळत नाहीच. जवळपास प्रत्येक लांब मण्यात मधोमध छोटी पायरी सापडते. वेजात सिलिकॉन भरून त्याचा ठसा काढला आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की ती पायरी स्पष्ट दिसते. दोरा ओवता आला म्हणजे झालं, कारागिराला एवढंच हवं होतं.

मोजपट्टी

वेळेचा हिशेब घालतो, त्याशिवाय या मण्यांची किंमत कळत नाही.

केनॉयर यांच्या प्रयोगांत अर्नेस्टाइटच्या सामत्याने तासाला सुमारे २.५ मिमी भोक पडलं. म्हणजे ६ सेंमीच्या मण्याला २४ तास नुसतं भोक, दिवसाला आठ तास धरले तर तीन दिवस. १२ सेंमीचा मणी असेल तर ४८ तास, सहा दिवस. यात सामत्याला पुन्हा धार लावणं आणि मणी उलटून बसवणं धरलेलं नाही.

कराचीजवळच्या अल्लाहदिनो इथे एका मडक्यात ठेव सापडली. तिच्यात ३६ लांब अकीक मण्यांचा कंबरपट्टा आहे. तेवढा एक पट्टा करायला ४८० दिवसांचं काम लागलं असावं, असा अंदाज आहे. हे एका माणसाचे दिवस आहेत, म्हणजे वर्षाहून जास्त.

म्हणूनच मोहेंजोदडो आणि हडप्पा इथे याच आकाराचे भाजक्या मातीचे, लाल रंग दिलेले मणीही मिळतात. ज्याला खरा परवडत नव्हता तो मातीचा घालत असणार. इमिटेशन दागिने काही आजचे नाहीत.

कुरुंद

सामत्याचं मान्य, पण तांब्याची नळी एकदम मोडीत काढू नका. इजिप्तमध्ये ग्रॅनाइटला भोकं याच पद्धतीने पडली आहेत. तांबं फक्त फिरतं, कापतात ते त्याखालचे कण. वाळूऐवजी कुरुंदाची पूड घेतली तर कठीणपणा ९, अकीक त्यापुढे काहीच नाही. सिंधूच्या लोकांना तांबं आणि कांसं मुबलक होतं.

कपची

तत्त्व बरोबर आहे, माप चुकतंय. नळीने भोक पाडलं की मध्ये दगडाची कांडी उरते आणि ती मोडून काढावी लागते. ग्रॅनाइटमध्ये चार-पाच सेंमी रुंद भोकात हे सहज जमतं. दोन-तीन मिमीच्या भोकात नळीची भिंत कागदासारखी पातळ ठेवावी लागेल. ती पिळवटेल, आणि पूड खाली पोचणारच नाही. नळीऐवजी भरीव तार घेतली तरी ५-६ सेंमी खोलवर पूड पोचवायची अडचण तीच.

शिवाय पुरावा थेट आहे. सैल पुडीने पाडलेल्या भोकाच्या भिंतीला बारीक, अनियमित ओरखडे आणि खरखरीत खळगे राहतात. लांब सिंधू मण्यांची वेजं आतून आरशासारखी गुळगुळीत असतात, कारण सामता आणि दगडाचा लगदा मिळून ती घासतच जातात. आणि कारखान्यात मोडलेल्या सामत्यांचा ढीग मिळाला आहे.

कुरुंद

नळीत कांडी उरते हे लक्षात घेतलं नव्हतं. मान्य.

पापडखार

पांढऱ्या नक्षीबद्दल. तो रंग नाहीच, म्हणून उडत नाही. तिथे दगडाचा पृष्ठभागच बदललेला आहे. इंग्रजी पुस्तकांतून या मण्यांना 'कोरलेले' म्हणायची सवय लागली आहे, पण कोरीवकामाचा इथे संबंध नाही.

मॅके यांनी १९३० च्या दशकात सिंधमधल्या सेहवानला एका वृद्ध कारागिराकडून ही पद्धत करून घेतली आणि १९३३ मध्ये छापली. धुण्याचा सोडा, म्हणजे आपला सज्जीखार, आणि एका काटेरी झुडपाच्या कोवळ्या फांद्यांचा रस. सिंधीत त्या झुडपाला किरार म्हणतात, मराठीत नेपती. रस काम करतो डिंकाचं: खार पातळ होऊन पसरत नाही, रेघेतच राहतो. मिश्रण बोरूने मण्यावर काढायचं, वाळू द्यायचं, मणी निखाऱ्यांखाली काही मिनिटं तापवायचा, सावकाश निवू द्यायचा आणि फडक्याने पुसायचा. खार तापला की अकिकाचा वरचा थर आतून बारीक सच्छिद्र होतो. प्रकाश त्यावर विखुरतो आणि रेघ पांढरी दिसते.

बिघडतं दोन ठिकाणी. मिश्रण पातळ झालं तर रेघेच्या कडा फुटतात. जुन्या मण्यांतही अशा फुटक्या कडा दिसतात. आणि गरम मणी एकदम उघड्या हवेत काढला तर तडकतो. थर खोल गेलेला असेल तर मणी चार हजार वर्षं जमिनीत राहूनही रेघ टिकते. थर उथळ असेल तर पांढरा भाग झिजून नुसता खरबरीत खळगा उरतो. मग बघणाऱ्याला ते कोरलेलंच वाटणार, आणि बहुधा ते नावही तिथूनच आलं.

असे नक्षीदार आणि साधे लांब मणी, दोन्ही पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूली यांना इराकमधल्या उरच्या राजदफनभूमीत मिळाले. तिथल्याच अक्कडचा राजा सार्गन आपल्या लेखात सांगतो की मेलुह्हा, मगन (ओमानचा भाग) आणि दिलमुनची (बहारीनचा भाग) जहाजं माझ्या धक्क्याला लागतात. मेलुह्हा म्हणजे सिंधूचा प्रदेश, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

नदीकाठ

सगळ्यांचे आभार, कंबर बारीक असलेल्या सामत्याने डोकं उजळलं. एक जोडप्रश्न. तेर, पैठण, भोकरदन या भागात पावसानंतर शेतात लाल मणी वर येतात. तेही याच परंपरेतले, म्हणजे हडप्पा काळातले म्हणायचे का?

मोजपट्टी

नाही. ही तिन्ही गावं मुख्यतः सातवाहन काळातली, म्हणजे दीड-दोन हजार वर्षांनी नंतरची. दगड मात्र इथलाच: दख्खनच्या काळ्या पाषाणात जुन्या वायूच्या पोकळ्या भरून जो अकीक तयार झाला, तोच आपल्याला गारगोट्यांबरोबर नदीपात्रात दिसतो. इ.स. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी व्यापाराच्या वर्णनात नोंद आहे की पैठणहून ओनिक्स (पट्टेदार अकिकासारखा) जातीचा दगड गाड्यांत भरून भडोच बंदराला जायचा. प्रवास २० दिवसांचा.

फरक वेजात दिसतो. तोपर्यंत हिऱ्याच्या कणीचा सामता आला होता. धातूच्या काडीच्या टोकाला हिऱ्याच्या एक किंवा दोन कण्या बसवायच्या. जिथे अर्नेस्टाइटला तास लागतो तिथे हिऱ्याला काही मिनिटं पुरतात. खंभातला आजही हेच चालतं. दहापट भिंगातून वेजाच्या तोंडाशी उजेड तिरपा पाडून बघा: आत पेचाच्या आट्यांसारख्या ठसठशीत, समान अंतराच्या वर्तुळाकार रेघा दिसल्या तर हिरा. गुळगुळीत, चकचकीत भिंत आणि नुसत्या पुसट रेघा असतील तर जुना दगडी सामता. मात्र झिजलेल्या मण्यात दोऱ्याने आतल्या रेघा पुसलेल्या असतात. त्यामुळे तोंडाशी न बघता थोडं आत बघायला हवं.

पापडखार

पण हे बघायला मणी उचलून घरी आणू नका. शेतात वर आलेला मणी कुठल्या थरातला हे आधीच हरवलेलं असतं. जागाही हरवली तर त्याचा अभ्यासाला काडीचा उपयोग उरत नाही. पट्टी शेजारी ठेवून जागेवरच फोटो काढा, गट क्रमांक आणि बांधापासूनचं अंतर लिहून ठेवा, सोबत खापरं असतील तर त्यांचेही फोटो घ्या, आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. निखात निधी कायदा १८७८ चा आहे. त्यानुसार १० रुपयांहून जास्त किमतीची पुरलेली ठेव मिळाली तर जिल्हाधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली विनापरवाना विक्री हा गुन्हा आहे.

मणी जवळून बघायचेच असतील तर तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं शासकीय संग्रहालय आहे. भिंग आणि बारीक विजेरी सोबत न्या. काचेतून वेज दिसायला मणी आडवा नाही, टोक आपल्याकडे असलेला शोधावा लागतो.