मदत हवी आहे: जॉयस्ट्रिंग्जच्या गाण्याचं मराठी रूपांतर, परवानगी कोणाची?

नमस्कार. मुक्तिफौजेच्या (साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेच्या) लंडनमधल्या 'जॉयस्ट्रिंग्ज' या गायन-वादन गटाचं 'इट्स ॲन ओपन सीक्रेट' (१९६४) आमच्या तरुण संघाला मराठीत गायचं आहे. गणवेशातल्या मंडळींनी इलेक्ट्रिक गिटारवर सुवार्ता गायली आणि ते गाणं ब्रिटनच्या विक्रीयादीत पोचलं, याचं आम्हाला फार अप्रूप!

गाणं कॅप्टन जॉय वेब यांचं, रेकॉर्ड रीगल झोनोफोन या कंपनीची. मराठी शब्द तयार आहेत. मूळ ध्वनिमुद्रण वापरणार नाही, वाजवणारे आमचेच. यूट्यूबवर टाकायचंय, जाहिरातींशिवाय. कव्हरच्या (दुसऱ्याचं गाणं आपण गाऊन-वाजवून सादर करण्याच्या) परवान्याबद्दल वाचलं, पण त्यात भाषांतराचा उल्लेख सापडला नाही.

भाषांतराची परवानगी संगीत-प्रकाशकाकडे मागायची की मुक्तिफौजेच्या लंडन कार्यालयाकडे? अर्जासोबत मराठी शब्दांचा इंग्रजी अर्थ जोडावा लागतो का?