मनाचं दुखणं आणि घरची सोबत: शुभंकरांचे अनुभव

ठाण्या-पुण्याच्या स्वमदत गटांत मनाचा आजार असलेल्याला शुभार्थी म्हणतात आणि सोबत करणाऱ्याला शुभंकर. शुभंकरांनो, धीराचे शब्द राहू द्या. रोज नेमकं काय करता आणि कुठे चुकतं, ते लिहा.

कोरांटी
नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. मळमळ, झोप उडणं मात्र पहिल्याच आठवड्यात. त्रास आधी आणि गुण नंतर, म्हणून गोळ्या नेमक्या तिथेच सुटतात. हे घरातल्या सगळ्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. बरं वाटायला लागल्यावरही डॉक्टर साधारण सहा महिने तरी गोळ्या चालू ठेवतात. मनाने एकदम बंद केल्या की चक्कर येते, डोक्यात करंट गेल्यासारखं होतं. मग नातेवाईक म्हणतात, "बघ, सवय लागली." ती सवय नव्हे. डोस हळूहळू न उतरवल्याचा तो परिणाम.

सांजवात
लिथियम ही बायपोलरची, म्हणजे मन कधी फार चढतं तर कधी फार खचतं त्या आजाराची गोळी. तिची रक्तातली पातळी बघायला शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं. रात्री नऊला गोळी, तर सकाळी नऊला रक्त. सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यानंतर. आधी गोळी घेतली की आकडा उगाच जास्त येतो.

पातळी खरोखर चढते ती जुलाब-उलट्यांनी, मे महिन्याच्या घामाने, निर्जळी उपासाने, मीठ एकाएकी तोडल्याने. अंगदुखीवर आयब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅक केमिस्टकडून परस्पर आणू नका, त्यानेही चढते. बोटांची बारीक थरथर पुष्कळांना असते. पण चहा बशीत सांडेल इतका हात हलायला लागला, जीभ जड झाली, चालताना झोक जायला लागला, तर पुढची गोळी न देता लगेच डॉक्टर गाठा.

पिंपळपान
"असलं काही मनात नाही ना तुझ्या?" असं विचारलं की उत्तर "नाही" हेच येतं. "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचारा. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. "हो" म्हणाले तर एकटं सोडू नका. गोळ्या कुलपात, हातात त्या दिवसापुरत्याच. शेतीघरात फवारणीचं औषध त्याच दिवशी घराबाहेर हलवा. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, नंबर १४४१६. ती चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

उपचार सुरू झाल्यावर कधीकधी अंगात बळ आधी येतं आणि मन नंतर उजळतं. त्या मधल्या दिवसांत डोळ्यात तेल घालून जपा.

नदीकाठ
ओपीडीत वेळ थोडा मिळतो. "बरं नाही" एवढ्याने डॉक्टरांना काही कळत नाही. पंधरा दिवसांची वही न्या: किती वाजता झोप लागली, किती वाजता जाग आली, किती पोळ्या खाल्ल्या, अंघोळ कधी, कुठली गोळी चुकली. बायपोलरमध्ये तीन तास झोपूनही माणूस ताजातवाना दिसत असेल, तर ते मन चढायला लागल्याचं लक्षण असू शकतं, पुढच्या तारखेची वाट बघू नका.

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने शुभार्थीला उपचारांबाबत आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी साध्या कागदावर लिहून, सही करून नेमता येतो. तब्येत ठीक असतानाच, त्यांच्याच हातून ते लिहून घ्या.